रजिस्टरमधलं शांत गाव

गोंदियात शिकायला आलेल्या पोरांच्या रूमवर पहिल्या आठवड्यात एक कार्यक्रम हमखास होतो. दिवसभर अॅडमिशनच्या रांगेत उभं राहून सगळे थकलेले असतात, मेसचा डबा संपलेला असतो आणि जो तो आपापल्या गावाचं कौतुक सांगायला लागतो. सालेकशाकडचा म्हणतो, "आमच्याकडे सायकलीले कुलूप नाई लावत." अर्जुनी मोरगावचा म्हणतो, "आमच्या गावात दहा वर्षांत पोलिसांची गाडी नाई आली." तिरोड्याचा त्यावर कडी करतो, "आमच्या इथं गाडी आली तर पोट्टे मागं धावतात, एवढं नवल!"

मीही यात मागे नव्हतो. "आमच्या गावात काहीच होत नाई, बाप्पा," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते गावाच्या वेशीवर पाटी करून लावता आलं असतं. घरून फोन आला की आईसुद्धा हेच ऐकवते: शहर आहे, सांभाळून राहा, गावासारखं नाही तिथं.

आता मात्र हे वाक्य ऐकलं की मला जरा अस्वस्थ व्हायला होतं. कारण "काहीच होत नाही" आणि "काहीच लिहिलं जात नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि न लिहिण्याच्या कामात माझाही हात आहे. ते पुढे सांगतो. आधी थोडं गणित.

तीस वर्षांत एक

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशातल्या गुन्ह्यांचा अहवाल काढतो. त्यात गुन्ह्याचं प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे दिलेलं असतं. 2022 मध्ये देशात 28,522 खून नोंदले गेले. म्हणजे लाखाला साधारण दोन. आता आपलं सरासरी दीड हजार वस्तीचं गाव घ्या. देशाच्याच दरानं हिशेब केला तर अशा गावात एक खून साधारण तीस-बत्तीस वर्षांतून एकदा व्हावा. म्हणजे "आमच्या गावात माझ्या जन्मापासून खून झाला नाही" ही फुशारकी नसून साधा भागाकार आहे. देशातल्या बहुतेक गावांना ती मारता येईल.

उलटही खरं आहे. त्याच गावात एका वर्षी एक मोटारसायकल चोरीला गेली, तर लाखामागचा दर होतो सुमारे 67. पुढच्या वर्षी दोन गेल्या तर "गुन्हेगारीत शंभर टक्के वाढ". लहान गावाच्या बाबतीत आकडा असा एका गाडीवर उड्या मारतो. म्हणून "अमुक गाव सर्वात सुरक्षित" अशा याद्या व्हॉट्सअॅपवर आल्या की त्या फॉरवर्ड करण्याआधी लोकसंख्या किती, हे विचारायला हरकत नाही.

शिवाय हे आकडे म्हणजे झालेले गुन्हे नव्हेत, नोंदलेले गुन्हे आहेत. एनसीआरबी स्वतःच सांगते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तर मोजताना त्यातला सर्वात गंभीर गुन्हाच धरला जातो. आणि जी गोष्ट ठाण्याच्या पायरीपर्यंत पोचलीच नाही, ती तर कुठेच नसते.

किती गोष्टी पोचत नाहीत? एकच उदाहरण देतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा तत्सम हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली फक्त 14 टक्के जणींनी. मदत म्हणजे पोलीसच असं नाही, बहुतेकींनी माहेरी सांगितलं. ही सर्वेक्षणातली घरं काही फक्त मुंबई-दिल्लीतली नाहीत. आपल्यासारख्या टोल्यांवरचीही आहेत.

माझं अक्षर चांगलं होतं

आता माझी गोष्ट. बारावीत असताना गावात तंटामुक्त समिती जोरात होती. समितीचे अध्यक्ष नात्यानं माझे काका. माझं अक्षर चांगलं, म्हणून त्यांनी मला बोलावून म्हटलं, "बाबू, हे रजिस्टर जरा नीट उतरून दे. वरून लोकं पाहाले येणार आहेत." मी खूश. ग्रामपंचायतीत बसून चहा पीत मी दोन दिवस रजिस्टर उतरवलं. धुऱ्याचे वाद, बैल शेतात शिरल्याचे वाद, भावाभावांच्या वाटण्या. प्रत्येकापुढे एकच शब्द: समेट.

त्यात एक नोंद होती माझ्या वर्गातल्या मुलीची. गावातला एक मुलगा तिच्या मागे एसटी स्टॉपपर्यंत गाडी घेऊन जायचा. महिनाभर हे चाललं होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेवटी तिच्या वडिलांनी समितीत सांगितलं. मुलाला बोलावलं, त्यानं वडिलांचे पाय धरले, चार मोठी माणसं म्हणाली, "झालं गेलं विसरा, दोन्हीकडच्या लेकरांच्या जिंदगीचा सवाल आहे. ठाण्यात गेलं तं गावाचं नाव खराब होते." मी लिहिलं: किरकोळ वाद, उभयपक्षी समेट. खाली दोघांच्या बापांच्या सह्या. तिची सही नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

त्यानंतर ती कॉलेजला आली नाही. घरच्यांनी म्हटलं, बाहेरून फॉर्म भर. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा अजून त्याच स्टॉपवर बसतो.

रजिस्टरप्रमाणे त्या वर्षी आमच्या गावात गुन्हे शून्य. माझ्या सुंदर अक्षरात.

पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. संहिता येण्याआधीही तो गुन्हाच होता. तो समितीत पाय धरून मिटवायचा विषयच नाही. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण खरं सांगू का, माहीत असतं तरी मी काय केलं असतं याची खात्री नाही. काकांसमोर तोंड उघडणं सोपं नसतं.

योजना वाईट नव्हती

तंटामुक्ती मोहिमेची टिंगल करायचा माझा हेतू नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. कल्पना सरळ होती. बांधावरून झालेलं भांडण कोर्टात पंधरा वर्षं चालतं, वकिलाच्या फीमध्ये बांध विकला जातो आणि शेवटी दोन घरांची बोलचाल बंद ती बंदच. त्यापेक्षा गावात बसून मिटवा. मिटवलं तर बक्षीस. आमच्याच गावात दोन भावांचा वाद या समितीमुळे मिटला आणि आज त्यांची पोरं एका थ्रेशरवर धान काढतात. हे मी स्वतः पाहिलंय.

अडचण बक्षिसापाशी आहे. तंटे मिटवण्याला गुण मिळायला लागले की दोन मोह होतात. एक, जे मिटवायचं नाही तेही मिटवून टाकायचं. दुसरा, तक्रार करणारा माणूस गावाचे गुण कमी करणारा वाटायला लागतो. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तोच गावाचा गुन्हेगार.

याचं सर्वात कडवट उदाहरण आपल्या शेजारच्या, 1999 पर्यंत आपलाच असलेल्या भंडारा जिल्ह्यातलं आहे. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांना गावातल्याच जमावानं ठार मारलं. पार्श्वभूमी होती जमिनीच्या वादाची, आणि त्याआधी काहीच आठवड्यांपूर्वीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाईंनी साक्ष दिली होती. साक्ष देणं, म्हणजे जे पाहिलं ते सांगणं. बातमी बाहेर यायला, लोक रस्त्यावर यायला कितीतरी दिवस लागले. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती 25 वर्षांच्या कैदेत बदलली. एकटे उरलेले भैय्यालाल भोतमांगे 2017 मध्ये वारले, तोवर लढत राहिले.

आणि याच गावाला नंतर तंटामुक्तीचा पुरस्कार मिळाला. त्यावर टीका झाली, व्हायलाच हवी होती. पण मला त्यातून दुसरा प्रश्न पडतो. 28 सप्टेंबर 2006 च्या संध्याकाळी कोणी खैरलांजीत जाऊन विचारलं असतं, "काय भाऊ, गावात कसं काय?" तर बहुतेक जण काय म्हणाले असते? "काहीच नाई होत, बाप्पा. शांत गाव आहे."

गाव शांत असतं. फक्त कोणासाठी, एवढं विचारायचं राहून जातं.

बाहेरचा माणूस

गावाच्या सुरक्षेच्या गप्पा निघाल्या की चोर नेहमी बाहेरून येतो. चादरी विकणारा, भांड्याला कल्हई करणारा, बहुरूपी, पारधी. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो कायदा गेला, शिक्का मात्र आपल्या डोक्यात राहिला. त्याचं काय होतं ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं दिसलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा मेसेज मोबाईलवर फिरत होता. भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आठवडी बाजारात दिसले आणि जमावानं त्यांना ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत. मारणाऱ्यांना त्या क्षणी वाटत होतं की आपण गावाचं रक्षण करतोय.

आपल्या भागात हा संशय कधी घरातल्यांवरही फिरतो. गावात कोणी आजारी पडलं, कोणाचं लेकरू दगावलं की एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवलं जातं: हिनंच करणी केली. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात 2013 मध्ये आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. पण त्या म्हातारीच्या अंगणात गर्दी जमते तेव्हा कायदा तालुक्याला असतो आणि गर्दी अंगणात.

म्हणजे खरा धोका बहुतेक वेळा ओळखीचा असतो आणि भीती मात्र आपण अनोळखी माणसाची धरतो. घरातला मार, स्टॉपवरचा मुलगा, हातभट्टीवरून तराट होऊन येणारा शेजारी, शेताला सोडलेली विजेची तार, "तुमचं केवायसी संपलं" म्हणत आजोबांची पेन्शन उडवणारा फोन. यातला एकही चादरी विकायला आलेला नसतो.

इंग्लंडचं खेडं आणि आपलं खेडं

मध्यंतरी एका सरांनी वर्गात प्रोजेक्टरवर एक गोष्ट दाखवली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 पासून पोलिसांची एक वेबसाईट आहे. त्यावर तुमचा पिनकोड टाकला की तुमच्या भागात त्या महिन्यात काय काय घडलं ते नकाशावर दिसतं. चर्च, शाळा आणि चार गल्ल्या एवढं खेडं असलं तरी दिसतं: इथं एक सायकल चोरी, तिथं एका शेडचं कुलूप तोडलं, एका कोपऱ्यावर दंगामस्तीची तक्रार. नेमकं घर कळू नये म्हणून ठिपका मुद्दाम आसपासच्या ठरलेल्या जागी टाकलेला असतो. पहिल्याच दिवशी इतके लोक बघायला आले की साईट बंद पडली.

याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथं 1982 पासून एक वेगळं सर्वेक्षण चालतं. घरोघरी जाऊन विचारतात, गेल्या वर्षभरात तुमच्याबाबतीत काही घडलं का, पोलिसांना सांगितलं असो वा नसो. त्यामुळे नोंदलेलं किती आणि घडलेलं किती, यातली दरी त्यांना कळते.

वर्गात एकजण लगेच बोलला, "सर, त्यांच्याकडे पैसा आहे." असेल. पण आपल्याकडे काहीच नाही, हेही खरं नाही. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणं सोडून बाकी एफआयआर 24 तासांत वेबसाईटवर टाकायचे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ते पाहता येतात, ठाणं निवडून, तारीख टाकून. आपल्यापैकी कितीजणांनी कधी उघडून पाहिलंय? क्रिकेटचा स्कोअर दर षटकाला पाहणारे आपण, आपल्याच ठाण्याचं पान एकदाही पाहत नाही.

मी पाहिलं. आमच्या ठाण्याचे एक वर्षाचे एफआयआर चाळले. आमच्या गावाचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा दारूच्या केसमध्ये. पाठलाग नाही, मारहाण नाही, करणी नाही. रजिस्टरसारखंच स्वच्छ पान.

मग करायचं काय

पहिली गोष्ट, तक्रार नोंदवण्याला गावाची बदनामी म्हणणं बंद करायचं. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तर झिरो एफआयआर आहे, म्हणजे हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. ऑनलाईनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. गोंदियात शिकणाऱ्या मुलीला गावच्या ठाण्यात, काकांच्या ओळखीच्या जमादारासमोर उभं राहायची गरज नाही. हे तिला कोण सांगणार? आपणच.

दुसरी, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला जायचं. सुट्टीला घरी जातोच आपण, झेंडावंदन झालं की जिलेबी घेऊन निघून येतो. त्या दिवशी थांबून दोनच प्रश्न विचारा. वर्षभरात समितीनं कोणते वाद मिटवले? आणि त्यात बाईचा विषय होता तर ती स्वतः बैठकीत होती का? कोणाचं नाव घ्यायची गरज नाही. प्रश्न विचारला गेला, हेच पुष्कळ आहे. पुढच्या वेळी रजिस्टर लिहिणारा पोरगा जरा थांबेल.

तिसरी, संध्याकाळी सातला गावातून एक चक्कर मारा, पण बहिणीसोबत. स्टॉपपासून घरापर्यंत किती खांब आहेत आणि किती दिवे लागतात ते मोजा. ती कुठे पाऊल भरभर उचलते, कुठला रस्ता टाळते ते बघा. तुमच्या गावाचा खरा नकाशा तिच्या पायांना माहीत आहे. कोणत्याही वेबसाईटवर तो मिळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढं खोदत बसलं तर गावातली आपुलकी संपेल, सगळं ठाण्या-कोर्टात जाईल. भीती अगदी खोटी नाही. पण तक्रार केली की तुटते ती आपुलकी आधीच कोणाच्या तरी गप्प बसण्यावर उभी होती. धुऱ्याचा वाद पारावर मिटवा, खुशाल मिटवा. पोरीच्या मागे लागणं हा धुऱ्याचा वाद नाही.

शेवटी एक सांगतो. आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई भरते. रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं, पहाटेपर्यंत. त्या रात्री आज्या, सुना, पोरी सगळ्या घोंगड्या घेऊन मंडपात येतात. रात्री दोन वाजता एखादी पोरगी एकटी उठून पाणी प्यायला जाते आणि कोणी मागे वळून बघत नाही. दिवे असतात, चहाची दुकानं चालू असतात, जागी माणसं असतात. वर्षातली ती एक रात्र आमचं गाव खरोखर सुरक्षित असतं. म्हणजे जमतं तर आपल्याला.

यंदाच्या मंडईला ती माहेरी आली होती, कडेवर लेकरू घेऊन. मला बघून म्हणाली, "काय करून रायला आता?" मी म्हटलं, "शिकतोच आहे." ती हसली, म्हणाली, "शीक बाप्पा. तुझं अक्षर चांगलं आहे."

तिला रजिस्टरचं माहीत आहे की नाही, मला विचारता आलं नाही.